साखरेची गोळी घेतली का?

आमच्याकडे गोळीला दुखण्याचं नाव असतं. तापाची गोळी, डोक्याची गोळी, गुडघ्याची गोळी. तापाची गोळी खाऊन ताप येत नाही, उतरतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तसंच साखरेची गोळी म्हणजे साखर उतरवणारी गोळी. यात न कळण्यासारखं काय आहे? पण मला कळलं नाही. बारावी शिकलेली, मारुंजीत वीस वर्षं काढलेली, रोज चाळीस डबे भरून दाराबाहेर काढणारी बाई मी. या दोन शब्दांत मी माझ्या बापाला अडकवलं आणि मागोमाग स्वतःही अडकले. अजून सुटलेली नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, घोटावड्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहायचे. आई गेल्यावर एकटेच. सोबतीला पंधरा-वीस शेरडं. सकाळी भाकरी फडक्यात बांधून शेरडांमागं डोंगराला जायचं, दिवेलागणीला परत. खालच्या रानात कारखाने झाले, मधल्या रानात प्लॉट पाडून तारा ओढल्या, तसं चरायचं रान वर वर सरकत गेलं आणि आबांची चाल वाढत गेली. सत्तरीतही माझ्यापेक्षा भराभर चढायचे. मी धापा टाकत मागं राहिले की वरून ओरडायचे, "बाय, शहरात पाय गहाण टाकलंस काय?" चालणं हेच त्यांचं जगणं होतं. बसून राहिलेले आबा मी कधी बघितलेच नव्हते.

चहा हे त्यांचं एकच व्यसन. दिवसातून पाच-सहा वेळा, आणि त्यात साखर अशी की चमचा उभा राहावा. गावात एकदा तपासणीचं शिबिर झालं, बोट टोचलं आणि साखर निघाली. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळायला लागल्या. आबांना त्या गोळ्यांचा मनापासून तिटकारा. "घोड्याला द्यायच्या गोळ्या ह्या," म्हणायचे. एवढी मोठी गोळी घशात अडकायची, वर पोट बिघडायचं. डोंगरात पोट बिघडलं की माणूस बसणार झुडपाआड आणि शेरडं जाणार कुणाच्या तरी हरभऱ्यात. त्यावरून एकदोनदा भांडणंही झाली. तरी घ्यायचे. मी दटावायची म्हणून घ्यायचे.

माझं दटावणं म्हणजे फोन. सकाळी साडेसातला माझ्या घरात नुसती धांदल. नवरा टेम्पो घेऊन सहालाच बाहेर पडलेला, ओट्यावर भाजीचं पातेलं, तव्यावर पोळी, खाली डबे न्यायला आलेले हॉर्न वाजवतायत. एका हातानं पोळी उलटायची आणि खांदा वर करून फोन कानाशी दाबायचा.

"आबा, साखरेची गोळी घेतली का?"

"घेतली की."

"बरं, ठेवते."

झाली चौकशी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि माझ्या बाबतीत तर शेळ्याही खऱ्याच होत्या. पण त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. बायका म्हणायच्या, बापाची काळजी घ्यावी तर हिनं. मी मान हलवून ते घ्यायची.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. आयटीतली एक मुलगी माझ्याकडून डबा न्यायची. एक दिवस तिला चहा विचारला, तर म्हणाली, "काकू, बिनसाखरेचा द्या." आणि पर्समधून काडेपेटीएवढी पांढरी डबी काढली. वरचं बटण दाबलं, टिक् झालं, आणि तांदळाच्या कणीएवढी गोळी चहात पडली. स्वीटनर म्हणतात म्हणाली, गोड लागतं पण साखर नसते. मी थोडा चहा बशीत घेऊन चाखला. गोड होता, मागून जरा चमत्कारिक चव राहत होती, पण गोड होता. म्हटलं, आबांना हेच पाहिजे. दुपारी डबे आटपले तशी मेडिकलमध्ये गेले आणि डबी घेऊन आले. त्याच रविवारी वाडीवर गेले.

"आबा, आजपासून चहात साखर बंद. ही साखरेची गोळी. चहात टाकायची."

आबांनी डबी कानाशी धरून हलवून बघितली. "एवडीशी?"

"एवढीशीच. एकदा दाबली की एक पडते."

"आन पोटाला?"

"पोटाला काही होत नाही."

"मग लई ब्येस हाय की. इतकं दिस कुटं दडवून ठिवली व्हतीस?"

लगेच चूल पेटवून चहा ठेवला. डबी दाबली. एक घोट घेतला आणि चेहरा असा उजळला, की मला भरून आलं. "आन गोडबी हाय," म्हणाले.

मला म्हणायचं होतं, साखरेच्या ऐवजी घालायची गोळी. आबांनी ऐकलं ते साखरेवरची नवी गोळी. शहरातली, लेकीनं आणलेली, बारकी, गोड, पोट न बिघडवणारी. आम्ही दोघंही खूश. जुन्या पट्टीतल्या गोळ्या त्यांनी कधी बंद केल्या ते मला ठाऊक नाही, बहुतेक त्याच दिवशी. आरोग्य केंद्राची वाट त्यांनी सोडली. मध्ये मी एकदा फोनवर विचारलंसुद्धा, "गोळ्या आहेत ना शिल्लक?" तर म्हणाले, "मोप हायेत. डबी भरल्याली हाय." डबी म्हणाले. मी ऐकलं. पण तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली आणि मी फोन ठेवला.

रोजचा प्रश्न तोच, रोजचं उत्तर तेच. आणि ते खरं होतं. माझा बाप रोज माझ्या शब्दाबरहुकूम साखरेची गोळी घेत होता.

दिवाळीला करंज्या दिल्या तर दोन खाल्ल्या. मी डोळे वटारले. "आता गोळी हाय की," म्हणाले, "खाल्ली एकांदी तर काय हुतंय." मला वाटलं, सणाचं आहे, जाऊ दे.

त्याच सुमाराला माझ्या फोनवर ते सुरू झालं. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, चहातल्या या गोड गोळ्यांनी कॅन्सर होतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपवर, मेंदू सडतो. खाली लाल अक्षरात, तुमच्या प्रियजनांना पाठवा.  जे मी हौसेनं आबांना देऊन आले ते विष निघालं तर? मेडिकलवाल्याला जाऊन विचारलं, तो म्हणाला, विकायला परवानगी आहे ताई, विष असतं तर दिली असती का. तेवढ्यानं माझं समाधान होईना. दोन-तीन आठवडे मी त्याच काळजीत होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

संक्रांतीला आबा आले ते वाळून. गळ्याची हाडं दिसत होती. सारखं पाणी पीत होते, सारखे उठत होते. "उन्हात फिरतुया न्हवं," म्हणाले. ऊन कसलं, थंडी होती. मी त्यांना हिंजवडीच्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला भला माणूस. बोट टोचलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"बाबा, साखरेची गोळी रोज घेता?"

"घेतो की. सकाळ, संद्याकाळ."

"नक्की?"

आबांनी उत्तर द्यायच्या आत मीच मध्ये पडले. "डॉक्टर, मी रोज सकाळी फोन करून विचारते. एक दिवस चुकवत नाही." आणि पिशवीतून आरोग्य केंद्राचा जुना कागद काढून पुढं ठेवला.

डॉक्टरनं कागद वाचला. "मग डोस कमी पडतोय. साखरेची गोळी दुप्पट करा. घरी शिल्लक आहेत ना?"

"मोप हायेत," आबा म्हणाले.

मग मी माझी काळजी काढली. डॉक्टरसमोर माझी भाषा बदलते, गावाकडचा एक शब्द तोंडातून निघत नाही. म्हटलं, "डॉक्टर, आबा चहात स्वीटनर घेतात. त्यानं कॅन्सर वगैरे?" डॉक्टर हसला. म्हणाला, "चहापुरती एखाददुसरी असेल तर इतकं घाबरू नका. ढिगानं नको. पण त्यावर विसंबूनही राहू नका, त्यानं वजन-साखर ताब्यात येते असं काही नाही. खरं तर गोडाची सवयच मोडायला हवी." शेजारी बसलेल्या आबांना स्वीटनर म्हणजे काय, कुठं ठाऊक? ते भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होते. त्यांच्याशी बोलताना मी साखरेची गोळी म्हणायची, डॉक्टरशी बोलताना स्वीटनर. तिथल्या तिथं एकदा जरी शब्द अदलाबदल झाला असता तर सगळं उघडं पडलं असतं. पण मला चारचौघांत नीट बोलायचं होतं ना.

आठवडाभरानं आबाच फोनवर म्हणाले, "बाय, च्या लई गोड लागतोय आता. नरड्याशी बसतोय."

"मग कमी टाका की चहात."

"दागतर म्हनला वाडीव, तू म्हनतीस कमी. मी आइकू कुनाचं?"

हॉर्न वाजत होते, माझा पारा चढला होता. मी म्हटलं, "मला कशाला विचारता? डॉक्टरांचं ऐका."

त्यांनी ऐकलं.

शिमग्याच्या सुमाराला वाडीतल्या शेजारणीचा फोन आला. "तुज्या बापाच्या पायाला वास याय लागलाय. आमचं आइकत न्हाई. तू ये." गेले तर आबा उंबऱ्यात बसलेले. प्लॉटच्या तारेचा तुकडा चपलेतून उजव्या अंगठ्यात घुसला होता आणि त्यांना कळलंच नव्हतं. चप्पल चिकटायला लागली तेव्हा बघितलं, हळद भरून फडकं बांधलं आणि तसेच शेरडांमागं गेले. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, "दुकतच न्हाई तर मोजू कशाला?" अंगठा फुगून जांभळा पडला होता. मी फडकं सोडलं आणि परत बांधलं. शेरडं त्या शेजारणीच्या दावणीला दिली आणि आबांना रिक्षात घातलं.

तोच दवाखाना, तोच डॉक्टर. या वेळी रक्त काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर आबांशी नाही, माझ्याशी बोलला. म्हणाला, "गोळ्या पोटात गेल्या असत्या तर आकडा इतका चढला नसता. बाबा गोळ्या घेत नाहीत, हे स्पष्ट आहे. जखम भरली नाही तर अंगठा जाईल, आणि तेवढ्यावर थांबेल असंही नाही."

मी बाहेर आले आणि रस्त्यावरच माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आबा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, पायाला पांढरं बँडेज. येणारी-जाणारी माणसं बघत होती, बघू देत. "तुम्ही खोटं बोललात माझ्याशी," मी म्हटलं. "रोज विचारत होते मी. रोज. आणि रोज तुम्ही मला फसवत होतात."

"मी न्हाई खोटं बोललो."

"मग हा कागद खोटा बोलतोय का?"

"कागदाचं मला ठावं न्हाई. मी गोळी घेतली. शेरडांची आन."

"शेरडांची शपथ घालू नका," मी म्हटलं. "त्यांच्यामागं फिरायला पाय राहायचा नाही तुमचा. खोटारडे कुठले."

खोटारडे म्हटलं मी बापाला. ज्या माणसाची शेरडं कुणाच्या शेतात शिरली तर मालकाला पत्ता लागायच्या आत जो स्वतः त्याच्या दारात जाऊन सांगायचा, त्या माणसाला. आबांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या दुकानातल्या दोघांनी आबांना खुर्चीत बसवून वर आणलं. मी ठरवलंच होतं, आता नजरेखाली ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या पुढ्यात आदळला आणि म्हटलं, "घ्या. साखरेची गोळी माझ्यासमोर घ्या."

आबांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि ती पांढरी डबी काढली. कपावर धरली. टिक्. टिक्. दुपटीनं, डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं. चमच्यानं ढवळलं आणि माझ्याकडं बघितलं.

"बग. आता तरी पटलं का?"

 मी ओट्याला धरून उभी राहिले. दिवाळीपासूनचे सगळे फोन एकदम कानात आले. मोप हायेत. डबी भरल्याली हाय. च्या लई गोड लागतोय. माणसानं याहून जास्त काय सांगायचं असतं? खाली हॉर्न सुरू झाले. मी तशीच वळले आणि डबे भरले. एका भाजीत मीठ दोनदा पडलं, एकीत पडलंच नाही. त्या दिवशी तक्रारी आल्या.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. आबा, चूक माझी आहे, तुम्ही खरं बोलत होतात. एवढंच तर बोलायचं होतं. पण आदल्या दिवशी भर रस्त्यात जी जीभ सुटली होती, ती आता टाळूला चिकटली. मी म्हटलं, "डॉक्टरांनी गोळी बदललीय. ती डबी द्या इकडं." त्यांनी मुकाट्यानं दिली. मी ती कचऱ्यात टाकली, वर बटाट्याच्या साली टाकल्या. डॉक्टरला फोन केला, तर त्यालाही खरं कारण सांगितलं नाही. म्हटलं, आता मी स्वतः देते. तो म्हणाला, हेच आधी केलं असतं तर. गोळ्या परत सुरू झाल्या, घशात अडकू नयेत म्हणून मी चुरून द्यायची, वर पोटात इन्सुलिनची सुई. संध्याकाळी नवरा जेवताना हळूच म्हणाला, "म्हातारा भलताच बेरकी निघाला." मी त्याच्या ताटात भात वाढला. तो गैरसमजही मी तसाच राहू दिला.

ते तीन आठवडे मला आठवतात ते भिंतीसकट. एक खोली, त्यात मी, आबा आणि गॅसची धग. खिडकीला जाळी, समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, तिच्यावर वाळत घातलेले परक्यांचे कपडे. आबांना पाय खाली सोडायचा नाही, असं सांगितलं होतं. ते पलंगावर पाय उशीवर ठेवून त्या कपड्यांकडं बघत बसायचे. दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला न्यायचं म्हणजे दोन माणसं शोधायची, खुर्ची खाली, खुर्ची वर. जिन्यात शेजारी दार उघडून बघायचे. आबा डोळे मिटून घ्यायचे.

"कोंडवाड्यात घातलंस बाय मला," एकदा म्हणाले. "चुकार जनावराला घालत्यात तसं."

"बरं झालं की जायचंच आहे वाडीवर."

"शेरडं इसरत्याल तवर मला."

मी कणीक मळत होते. त्यांच्याकडं पाठ होती म्हणून बरं. रोज वाटायचं, आज सांगू. सकाळी वाटायचं दुपारी सांगू, दुपारी वाटायचं पाय बरा झाला की सांगू, म्हणजे दोघं मिळून हसता येईल. पाय बरा झाला असता तर मी खरंच सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात, आमच्याकडं ती मुंगीसुद्धा हलायला तयार नव्हती. जांभळा अंगठा काळा पडत चालला. ड्रेसिंग करणारी नर्स आधी गप्पा मारायची, ती गप्प राहून पट्टी बांधायला लागली.

एक दिवस दुपारी घाईत मी पट्टीतली गोळी न चुरताच त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली नाही. उजेडाकडं धरून उलटसुलट बघितली. जनावर पारखणारा माणूस तो.

"ही तर जुनीच हाय. घोड्याची. बदलली म्हनलीस न्हवं?"

मी पाण्याचा पेला पुढं केला.

"मग त्या डबीतली कशाची व्हती?"

आता पळायला जागा नव्हती. ती खोली होतीच केवढी. मी खाली फरशीवर बसले, त्यांच्या पलंगाच्या कडेला. "गोडीची," मी म्हटलं. "नुसत्या गोडीची. औषध नव्हतं ते आबा. साखरेच्या बदली टाकायची गोळी होती. तुम्ही खोटं नव्हतात बोलत. मीच नीट सांगितलं नाही." आणि मग मला रडू आवरलं नाही. चाळीस डब्यांची बाई, मांडीत तोंड खुपसून रडले.

 मी वाट बघत होते की आबा शिव्या देतील. दिल्या असत्या तर मोकळी झाले असते. ते फक्त म्हणाले, "असंय व्हय." मग ती गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसले. त्यानंतर चार दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. पाणी दे. पाय उचल. खिडकी लाव.

पाचव्या दिवशी डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सर्जन बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, घाईत. पाय बघितला, बोटानं दोन-तीन ठिकाणी दाबलं, आबांना काही कळत नव्हतं. बाईंनी हातातली फाइल उघडली, वर आमच्या डॉक्टरची चिठ्ठी लावलेली होती. म्हणाल्या, "अंगठा काढावा लागेल. आजच. उद्यावर नेलं तर पाऊल जाईल." आबांनी मान हलवली, एखाद्याला वाट सांगितल्यावर हलवावी तशी.

"बाबा, एक सांगा," बाई म्हणाल्या. "तुमच्या गोळ्या मध्ये काही महिने बंद होत्या. का बंद केल्या? कुणी सांगितलं होतं का?"

बाईंनी विचारलं आबांना, पण पेन हातात धरून बघितलं माझ्याकडं. मी तोंड उघडलं. मला सांगायचंच होतं, अगदी शब्द जुळवून आले होते.

"कुनी न्हाई सांगितलं," आबा म्हणाले. "कडू लागायच्या. टाकून द्यायचो."

"आणि मुलगी तर रोज विचारायची म्हणे."

"तिला काय ठावं. तिला घेतली म्हून सांगायचो."

बाईंनी सुस्कारा सोडला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका ताई. असे पेशंट असतात. घरच्यांनी किती लक्ष ठेवायचं?" मी आबांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, छताकडं बघत होते. नर्सनं त्यांची टोपी काढून माझ्या हातात दिली. आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आता नाही बोललीस तर कधीच नाही. बाई लिहीत होत्या. मी त्यांचं लिहून होईपर्यंत गप्प राहिले.

त्यांनी फाइल माझ्याकडं वळवली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. नातेवाइकाची सही. त्याच्या वर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, रुग्ण स्वतःहून औषधे टाकून देत होता, घरच्यांपासून लपवत होता. मी ते दोनदा वाचलं. मग टोपी काखेत धरली आणि सही केली.